जातें, चाक आणि तागडी

तरफेचा नियम शिकविण्यासाठीं पाठ्यपुस्तकें बहुधा पहार आणि शिळा यांचें चित्र घालतात. चित्रांतील मनुष्य पहारेचें एक टोंक दोन्ही हातांनीं दाबीत असतो, दुसऱ्या टोंकाखालीं अवजड शिळा असते, आणि मध्यें एक लहानसा टेकू. चित्र वाईट नाहीं. परंतु तें पाहून विद्यार्थ्याचा असा ग्रह होतो कीं, हा नियम शिळा हालविणाऱ्यांपुरताच आहे, आणि आपणांस जन्मांत शिळा हालवावयाची नसल्यामुळें तो परीक्षेपुरता पाठ केला म्हणजे झालें. वस्तुतः आमच्या नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरीं सकाळीं उठल्यापासून निजेपर्यंत ह्या नियमावांचून क्वचितच एखादें काम होत असे. ज्यांस त्याचें नांव ठाऊक नव्हतें, त्यांनींच तो अधिक शहाणपणानें वापरला, असें माझें प्रामाणिक मत आहे. ह्या लेखांत मीं जातें, बैलगाडीचें चाक आणि तागडी हीं उदाहरणें घेतलीं आहेत. पैकीं तागडीवर एका वर्षीं आमच्या घरची सारी कमाई अवलंबून होती. म्हणून तिच्याविषयीं अंमळ विस्तारानें लिहिणार आहें.

आमचें गांव निफाड तालुक्यांत, गोदावरीच्या कांठापासून कोसभर आंत. माझ्या लहानपणीं तेथें पिठाची गिरणी नव्हती. आजी व आई आळीपाळीनें पहाटेच्या अंधारांत जात्यावर बसत, आणि उजाडेपर्यंत घरच्या नऊ माणसांपुरती बाजरी दळून होई. जात्याचा खुंटा वरच्या तळीच्या कडेशीं ठोकलेला असतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. परंतु तो तेथेंच कां, हें विचारण्याचें कोणास सहसा सुचत नाहीं. एके वर्षीं आमच्या जात्याच्या कडेचा कपचा उडाला व खुंट्याचें भोंक फुटलें. पाथरवट आला. त्यानें दगड उलटून पाहिला; तो झिजून कडेला इतका पातळ झाला होता कीं, तेथें पुन्हां टाकी लावणें धोक्याचें होतें. म्हणून त्यानें मध्यापासून निम्म्या अंतरावर नवें भोंक पाडून खुंटा बसवून दिला व आपली मजुरी घेऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशीं पहाटे आजी बसली, चार फेरे झाले आणि ती थांबली. “जातं तेच, दाणे तेच, मग आज हे जड का झालं गं?” असें तिनें आईला विचारलें. आईनें बसून पाहिलें. तिलाहि तोच अनुभव आला. शेवटीं दोघींनीं मिळून खुंट्याला हात घातला, तेव्हां कोठें जातें पूर्वींसारखें फिरूं लागलें. महिन्याच्या आंत घरांत नवें जातें आलें.

दोघींचें हें बोलणें शास्त्रदृष्ट्या अगदीं नेमकें होतें. जुन्या जात्याच्या मध्यापासून खुंट्यापर्यंतचें अंतर सुमारें २० सेंटिमीटर होतें; पाथरवटानें तें १० वर आणलें. दगडाचें वजन बदललें नाहीं, दाण्यांचें घर्षण बदललें नाहीं. अर्थात् तळी फिरविण्यास लागणारा वळविण्याचा जोर जेवढा होता तेवढाच राहिला. परंतु हा वळविण्याचा जोर म्हणजे केवळ हाताचें बल नव्हे. हाताचें बल आणि खुंट्याचें मध्यापासूनचें अंतर यांचा जो गुणाकार, तो हा जोर होय. शास्त्रांत त्यास परिबल म्हणतात. मोटारी दुरुस्त करणारे कारागीर इंग्रजी शब्द उचलून टॉर्क म्हणतात. समजा, पूर्वीं आजीस ५० न्यूटन, म्हणजे सुमारें पांच किलो वजन उचलून धरण्यास लागतें तितकें बल लावावें लागत होतें. तर परिबल ५० गुणिलें ०.२ मीटर, म्हणजे १० न्यूटन-मीटर झालें. आतां हवें आहे तें १० न्यूटन-मीटरच, पण अंतर उरलें ०.१ मीटर, तेव्हां बल १०० न्यूटन लागणार. एकीचें काम दोघींचें झालें, तें ह्या कारणानें.

येथें एक अट विसरतां कामा नये. खुंटा मध्याच्या दिशेनें कितीहि रेटला तरी जातें तसूभर फिरणार नाहीं. गुणाकारांत जें अंतर धरावयाचें, तें बलाच्या रेषेपासून मध्यापर्यंतचें लंबांतर होय. दळणारणीचा हात पाहा: तो कोपरापासून सारखा वळत असतो, आणि प्रत्येक क्षणीं खुंट्यास वर्तुळाच्या कडेकडेनें लोटीत अथवा ओढीत असतो. हें तिला कोणीं शिकविलें? चुकीच्या दिशेनें ओढलें कीं खांदा दुखतो, एवढाच तिचा गुरु.

कोणी चिकित्सक विद्यार्थी येथें विचारील कीं, खुंटा आंत घेतल्यावर हाताची वाटहि लहान झाली ना? झाली, हें खरें. पूर्वीं एका फेऱ्यांत हात सुमारें १२५ सेंटिमीटर चालत असे, मग तो ६३ सेंटिमीटरच चालूं लागला. बल दुप्पट, वाट निम्मी. म्हणजे कार्य तेवढेंच. मग आजीची तक्रार खोटी होती काय? मुळींच नाहीं. आपला स्नायु थोडें बल दीर्घ वेळ लावूं शकतो. दुप्पट बल तितकाच वेळ लावण्याची त्याची शक्ति नसते. तरफ आपणांस फुकट कांहींच देत नाहीं. बल वांचवावयाचें असेल तर वाट वाढवून द्यावी लागते, वाट वांचवावयाची असेल तर बल. ह्या दोहोंची अदलाबदल आपल्या सोयीची करून घेणें, एवढेंच आपल्या हातीं आहे.

सिराक्यूजचा आर्किमिडीज (मृत्यु ख्रिस्तपूर्व २१२) ह्यानें तरफेचा नियम सिद्ध करून लिहून ठेविला. पुरेशी लांब तरफ आणि उभें राहण्यास जागा मिळाली तर आपण पृथ्वीहि हालवूं, अशी त्याची प्रौढी प्रसिद्ध आहे. प्रौढी तत्त्वतः खरी आहे, पण तिचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पृथ्वीचें वस्तुमान सुमारें ६ वर २४ शून्यें इतके किलो. साठ किलोच्या मनुष्यानें आपला सारा भार तरफेवर टाकला असें धरलें, तर तरफेचा त्याच्याकडील भाग दुसऱ्या भागाच्या १ वर २३ शून्यें इतका पट लांब हवा. मग पृथ्वी एक सेंटिमीटर उचलण्यास त्याचें टोंक किती खालीं जावें लागेल? प्रकाशाच्या वेगानें तें खालीं जाऊं लागलें तरी एक लाख वर्षांहून अधिक काळ लागेल! जागा मिळाली असती तरी त्या थोर पुरुषास वेळ पुरला नसता.

आतां चाक. निफाडकडील काळ्या जमिनींत मृगाचा पाऊस पडला कीं भरलेली बैलगाडी हमखास रुतते. अशा वेळीं नवखा मनुष्य गाडीच्या मागें जाऊन साटीला रेटा देतो. जुना गाडीवान बैलांना हांक देतो, पण स्वतः चाकाजवळ जाऊन त्याच्या वरच्या आऱ्याला खांदा लावतो. दोघांच्या अंगचें बल सारखें असलें तरी गाडी निघते ती दुसऱ्याच्या खांद्यानें. कारण असें कीं, फिरतें चाक क्षणभर ज्या बिंदूवर जमिनीस टेकलेलें असतें, तोच त्या क्षणाचा टेकू. साटीला दिलेला रेटा कण्यांतून चाकास मिळतो, आणि कणा टेकूपासून एका त्रिज्येवर असतो. चाकाचा माथा मात्र टेकूपासून दोन त्रिज्यांवर. म्हणून माथ्याशीं लावलेलें बल दुप्पट परिबल देतें. अर्थात् खांद्यास वाटहि दुप्पट चालावी लागते. परंतु रुतलेली गाडी प्रथम वीतभर हालली म्हणजे पुढचें काम बैलांचें असतें.

ह्याच्या अगदीं उलट सौदा आपल्या शरीरानें केला आहे. दंडाचा पुढचा स्नायु कोपरापासून अवघ्या चार-पांच सेंटिमीटरवर हाडास जोडलेला असतो, आणि तळहात कोपरापासून सुमारें ३५ सेंटिमीटरवर. म्हणून कोपर काटकोनांत धरून हातांत पांच किलोचें ओझें तोललें, तर स्नायूस सुमारें चाळीस किलोच्या ओझ्याइतका ताण सहन करावा लागतो. सौदा तोट्याचा दिसतो. पण स्नायु एक सेंटिमीटर आखडला कीं हात आठ सेंटिमीटर उचलला जातो. चेंडू फेंकणें, गोफण फिरविणें, कुऱ्हाड चालविणें हें सर्व त्या तोट्यांतून निघालेलें आहे. मल्लखांबावर हा हिशेब डोळ्यांस दिसतो. आधुनिक मल्लखांबाचे प्रवर्तक बाळंभटदादा देवधर हे आमच्याच तालुक्यांतील कोठुरें गांवचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं त्यांनीं ही विद्या पुन्हां उजेडांत आणिली. खांबास पकडून शरीर ताठ आडवें धरणाऱ्या मुलाकडे नीट पाहा. त्याचें वजन वाढत नाहीं कीं घटत नाहीं, पण त्यानें गुडघे पोटाशीं घेतले कीं शरीराचा गुरुत्वमध्य खांबाजवळ येतो आणि हातांवरील परिबल एकदम कमी होतें. उस्ताद नवशिक्यास आधीं पाय आंखडून धरावयास लावतात, तें उगीच नव्हे.

असो. आतां तागडीकडे वळूं. आज लासलगांव, पिंपळगांव येथील बाजारांत कांद्याची गाडी भुईकांट्यावर उभी राहते आणि आंकडा आपोआप उमटतो. त्यामुळें पुष्कळ विद्यार्थ्यांनीं मोठी तागडी टांगलेली पाहिलीहि नसेल. तीन वाशांची तिकटी, तिला मधोमध टांगलेली मीटरभर लांबीची लोखंडी दांडी, दांडीच्या मध्यावर उभा कांटा, आणि दोन टोंकांस साखळ्यांनीं बांधलेलीं फळ्यांचीं पारडीं, असें तिचें रूप असे. तागडी म्हणजे दोन्ही बाजू समान असलेली तरफ. तिचा सारा प्रामाणिकपणा ह्या एका समानतेवर उभा असतो. वजनें खरीं आहेत कीं नाहींत हें सरकारी शिक्का पाहून कळतें; दांडीच्या दोन भुजा समान आहेत कीं नाहींत, हें मात्र डोळ्यांस कळत नाहीं.

“पासंग” हा शब्द मराठींत सर्वांस ठाऊक आहे; अमक्याच्या पासंगासहि तमका पुरणार नाहीं, असें आपण बोलतों. रिकाम्या तागडीचें एक पारडें वर राहत असेल तर त्यास लहानसा खडा अथवा लोखंडाचा तुकडा बांधून कांटा मध्यावर आणतात, त्या तुकड्याचें नांव पासंग. पारड्याच्या फळ्या कमीजास्त जाड असल्या, तर पासंग हा योग्यच उपाय आहे. पण दांडीच टेकूच्या एका बाजूस किंचित् लांब असेल तर? पासंगानें रिकामी तागडी समतोल होते खरी, परंतु भुजांची विषमता जशीच्या तशी राहते. आणि जितका माल अधिक तितकी चूक अधिक.

हें आम्हांस आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेंत सायन्सच्या मास्तरांनीं एका लांकडी पट्टीवर दाखविलें होतें, व तें कोणासहि घरीं करून पाहतां येईल. मीटरभर लांबीची पट्टी ५० च्या खुणेऐवजीं ४९ च्या खुणेवर दोऱ्यानें टांगावी. ती लांब बाजूकडे झुकेल. आंखूड बाजूच्या टोंकास मेणाचा गोळा चिकटवून ती आडवी करावी. आतां पट्टी पाहणाऱ्यास ती निर्दोष वाटेल. मग दोन्ही टोंकांस शंभर-शंभर ग्रॅमचीं सारखीं वजनें टांगावीं. लांब बाजू खालीं जाते! मेणानें पट्टीचें वजन सांवरलें होतें, तिची भुजा नव्हे.

हा प्रयोग पाहून मी १९६४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टींत घरीं गेलों, तेव्हां कांद्याची काढणी संपली होती. शेर-मण जाऊन किलो-क्विंटल येऊन थोडींच वर्षें झालीं होतीं, आणि लोक अजून मनांतल्या मनांत मणाचा हिशेब करीत. आमचा माल शेजारच्या गांवच्या एका व्यापाऱ्याकडे जात असे. त्यांचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पेरणीच्या वेळीं त्यांच्याकडून उचल घेतलेली असल्यामुळें माल दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती. वडिलांस गांवांत सर्व नाना म्हणत, व आम्हीहि तेंच म्हणत असूं. नाना लिहावाचावयास शिकलेले नव्हते, पण मागील दोन वर्षें त्यांच्या मनांत एक शल्य होतें. शेजाऱ्याच्या घरच्या लहान तागडीवर थोडें थोडें करून ५० किलो भरलेलें पोतें शेटजींच्या कांट्यावर ४९ च भरे. त्यांनीं एकदां तसें भीत भीत बोलूनहि पाहिलें होतें. त्यावर शेटजींनीं दोन्ही पारडीं रिकामीं करून दाखविलीं. “पाहा नाना, कांटा मध्यावर आहे कीं नाहीं? उलट मालाच्या पारड्याखालीं पासंग बांधला आहे, तो तुमच्याच बाजूचा!” ह्यावर नानांस बोलण्यास जागा राहिली नाहीं.

मालाच्या पारड्याखालीं पासंग, हे शब्द ऐकतांच मला मास्तरांचा मेणाचा गोळा आठवला. मीं अंगणांत काठीनें रेघ ओढून नानांस हिशेब दाखविला. शंभर सेंटिमीटरची दांडी मध्यावर टांगली तर दोहीकडे पन्नास-पन्नास. टेकू केवळ अर्धा सेंटिमीटर सरकला कीं वजनांकडे ५०.५ आणि मालाकडे ४९.५. मालाची भुजा आंखूड झाल्यामुळें तें पारडें हलकें पडतें, तेथें पासंग बांधावा लागतो, आणि तो शेतकऱ्यावर उपकार केल्यासारखा दिसतो. आतां ५० किलो कांदे गुणिलें ४९.५ बरोबर किती वजनें गुणिलें ५०.५? उत्तर ४९.०१ किलो. पोत्यामागें एक किलो कमी! आमचीं चाळीस पोतीं होतीं. म्हणजे चाळीस किलो. बोटाच्या नखाएवढ्या अंतरांत जवळजवळ एक पोतें नाहींसें होत होतें.

नानांनीं सर्व ऐकून घेतलें, दोनदां विचारलें, आणि काठी माझ्या हातून घेऊन ती रेघ स्वतः पुन्हां ओढून पाहिली. माझा बेत असा होता कीं, शाळेची मोजपट्टी आहेच, शेटजींसमोर दांडी मोजावी आणि सर्व गांवासमोर सत्य उघड करावें. नाना म्हणाले, “आणि पुढच्या मृगाला बियाणं कोण देईल? तुझे मास्तर?” ह्यास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मग मीं दुसरी युक्ति सांगितली: तोच माल एकदां ह्या पारड्यांत आणि एकदां त्या पारड्यांत तोलावा, दोन्ही वजनांचा गुणाकार करावा व त्याचें वर्गमूळ काढावें, तें खरें वजन. ही रीत गणितानें निर्दोष आहे. पण चाळीस पोतीं दोन-दोनदां उचलण्यास हमाल कोठले, आणि शेटजींच्या ओट्यावर वर्गमूळ कोण काढणार? नाना कांहीं न बोलतां बैलांना वैरण घालावयास उठून गेले.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं दोन गाड्या घेऊन गेलों. तोलाई सुरू झाली. मापाड्यानें पहिल्या पोत्यास एक न म्हणतां रीतीप्रमाणें “लाभ” म्हटलें, आणि मोजणी पुढें चालली. नाना तिकटीजवळ उकिडवे बसून होते. वीस पोतीं झालीं. ऊन तोंवर डोक्यावर येऊन मालाच्या पारड्याकडील सावली निघून गेली होती. नाना उठले आणि सहज म्हणाले, “शेटजी, हमालांचे पाय भाजतात. आता इकडं वजनं ठेवा अन् माल तिकडं सावलीकडं चढवू द्या.”

शेटजींनीं वहींतून मान वर केली. त्यांनीं नानांकडे पाहिलें, मग दांडीकडे पाहिलें, आणि क्षणभर माझ्याकडेहि. सावलीचें कारण सर्वांच्या डोळ्यांपुढें होतें. नाहीं म्हणावें तर कां नाहीं, हें सांगावें लागलें असतें. “फिरवा,” एवढेंच म्हणून ते पुन्हां वहींत पाहूं लागले. मापाड्यानें वजनें उचलून इकडे आणलीं. एकविसावें पोतें चढलें आणि पारडें धपकन् खालीं गेलें. ५० वर आणखी एक किलोचें वजन टाकावें तेव्हां कांटा स्थिर झाला. हमालांपैकीं एक हंसला. शेटजी हंसले नाहींत.

पहिलीं वीस पोतीं हिशेबानें ९८० किलो भरावीं व दुसरीं वीस १०२०. तशींच तीं फारसा फरक न पडतां भरलीं. वर्गमूळ न काढतां, एकहि पोतें दोनदां न उचलतां, नानांनीं निम्मी चूक इकडे आणि निम्मी तिकडे टाकून दोन्ही एकमेकींत जिरविल्या. रात्रीं मीं बारकाईनें गणित केलें, तेव्हां असें दिसून आलें कीं, ह्या रीतींतहि दोन हजार किलोंमागें सुमारें ४०० ग्रॅमची चूक राहते, आणि ती विकणाऱ्याच्या लाभाची असते. मीं तें नानांस सांगितलें. त्यांनीं कंदिलाच्या उजेडांत माझी पाटी पाहिली, तिच्यावरचें कांहीं त्यांस वाचतां येत नव्हतें, आणि विचारलें, “चारशे ग्रॅम म्हणजे किती कांदे?” मीं म्हटलें, चार-पांच. सकाळीं ते उचलीचा हिशेब करावयास शेटजींकडे निघाले, तेव्हां त्यांनीं पांच चांगले कांदे पटक्याच्या शेवटांत बांधून नेले व त्यांच्या ओट्यावर ठेविले. शेटजींनीं कशाचे म्हणून विचारलें नाहीं.

पुढच्या हंगामांत त्यांच्या दारीं नवी दांडी टांगलेली होती. तिच्या कोणत्याहि पारड्याखालीं पासंग नव्हता.